तुम्ही विचारलंत म्हणून : फुल इन्शुरन्स आणि कडब्याची गंजी

‘साहेब, गाडीचा फुल इन्शुरन्स आहे की. मग दायित्वाचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, आणि वेगळा कशाला?’ कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, घेतलेला सोलापूरकर हे विचारतो तेव्हा निम्मा रोख माझ्या कमिशनवर असतो, हे मला कळतं. विम्याच्या धंद्यात तेवढं सोसावं लागतं. पण एकदा नीट लिहून ठेवतो.

उजनीच्या कडेला कुणाच्या तरी रानात मुक्काम टाकलाय असं धरा. मार्च महिना, ज्वारी निघालेली, बांधाला कडब्याची गंजी. रानात शिरताना तुमच्या चाकाखाली ठिबकच्या नळ्या चिरडल्या, तर ते नुकसान गाडीमुळे झालं. खासगी गाडीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. हप्त्यात थोडे पैसे वाचवायला ती मर्यादा कुणी सहा हजारांवर तर आणून ठेवली नाही ना, एवढं कागदावर बघा. आता संध्याकाळ. गाडीपासून पंधरा फुटांवर शेगडी पेटवली, वारा सुटला, ठिणगी गंजीवर गेली. इथे गाडीचा काय संबंध? शेगडी तुमची, हलगर्जी तुमची, भरपाईही तुमच्याच खिशातून.

पूर्वी मी याच्या उलट सांगत असे. गाडीच्या आसपास घडलेलं मोटार पॉलिसीत बसवता येतं, असं माझं ठाम मत होतं, आणि ते हवेतलं नव्हतं. त्यामागे साताऱ्याचा टँकर होता.

२९ ऑक्टोबर १९८७, पहाटे तीनचा सुमार. पुण्याकडून बेंगळुरूच्या दिशेने निघालेला पेट्रोलचा टँकर सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ समोरच्या ट्रकला धडकला आणि रस्त्यापासून वीसेक फुटांवर जाऊन उलटला. पेट्रोल गळत राहिलं. उजाडलं तशी माणसं जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. काही भाजले, काही गेले. एका मृताच्या घरच्यांनी तेव्हाच्या १९३९ च्या मोटार कायद्याखाली, चूक कुणाची हे न पाहता मिळणारी भरपाई मागितली. रक्कम किती, तर पंधरा हजार. त्या पंधरा हजारांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. टँकरवाल्यांच्या बाजूचं म्हणणं सरळ होतं : टँकर आडवा पडलेला, चालत नव्हता, धडकेला चार तास होऊन गेलेले, मग याला गाडीचा ‘वापर’ कसा म्हणायचा? दावा प्राधिकरणाला ते पटलं. मुंबई उच्च न्यायालयाला पटलं नाही, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचंच कायम केलं. गाडी उभी असली, बंद पडलेली असली, तरी तो वापर असू शकतो. शिवाय कायद्यातले शब्द ‘वापरामुळे झालेला अपघात’ एवढे आखूड नाहीत, ‘वापरातून उद्भवलेला’ असे आहेत, आणि उद्भवण्याची व्याप्ती मोठी.

हे वाचून मी खूश होतो. उलटलेला टँकर वापरात, तर माझ्या गिऱ्हाइकाची उभी कॅम्पर का नाही?

चुकलं ते इथे. टँकरच्या प्रकरणात धडक, गळती, स्फोट अशी साखळी होती आणि चार तास गेले म्हणून ती तुटली नाही. रानातल्या शेगडीला गाडीची कडीच नाही. गाडी त्या दिवशी घरी असती, तरी गंजी तशीच पेटली असती. उलट, खड्ड्यात आदळून कॅम्परमधली गॅसची पक्की जोडणी सैल झाली आणि रात्री भडका उडाला, तर टँकरचा आधार घेऊन मी आजही भांडेन. आणि गाडी तीन दिवस उभी, आत शेगडी, रेग्युलेटर चालू राहिला, असं असेल तर? मी दोन्हीकडून वाद घालू शकतो. म्हणजेच तुमच्या हातात हमी काही नाही.

गॅसचं निघालंच आहे तर, ‘सिलिंडरचा विमा असतो की’ हेही ऐकतो. असतो. तेल कंपन्यांच्या त्या विम्यात मृत्यूला माणशी सहा लाख आहेत, पण मालमत्तेचे दोन लाख नोंदणीच्या पत्त्यावर झालेल्या नुकसानीला. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उचलून तुम्ही उजनीला नेलात, आता पत्ता कुठला सांगणार? गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खाली झरोका हवा. वरची खिडकी उघडून भागत नाही. सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत सिलिंडर ठेवूच नका.

अमेरिकेत अशा गाड्यांच्या पॉलिसीत मुक्कामापुरतं दायित्व मिळतं आणि बारा महिने गाडीत राहणाऱ्यांसाठी वेगळं. तिकडचा भाचा ते फोनवर सांगतो आणि तुम्ही माझ्याकडे मागता. इथे जवळचा मार्ग म्हणजे घराच्या पॅकेज पॉलिसीतला सार्वजनिक दायित्वाचा भाग. २०२१ पासूनची ‘भारत गृह रक्षा’ घेऊन निश्चिंत होऊ नका, ती घर आणि सामानाची आहे. पॅकेज घेताना तीन गोष्टी लेखी विचारा : संरक्षण घराच्या आवारापुरतं की बाहेरही, मर्यादा एका घटनेची की वर्षाची, वकिलाचा खर्च त्यातच की वेगळा. पहिल्याचं उत्तर बहुधा ‘आवारापुरतं’ येईल. मग मुक्कामासाठी वाढीव शेरा, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी, मागा. मिळेलच असं नाही. नाही मिळाला तर ते पॅकेज मी तुमच्या गळ्यात मारणार नाही, कमिशन गेलं तरी.

कॅम्पवाला ‘सर्व नुकसानीची जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतो, तीही विचार करून करा. करारातून अंगावर घेतलेली जबाबदारी मोटार पॉलिसी भरत नाही. त्याचा तंबू, त्याची बॅटरी तुमच्या ताब्यात असताना बिघडली तर तेही नाही, कारण ताब्यातली वस्तू ‘दुसऱ्याची मालमत्ता’ या संरक्षणातून वगळलेली असते. गाडी भाड्याने दिलीत तर खासगी पॉलिसीतल्या वापराच्या अटीच मोडल्या. गॅरेजात टेम्पोचा कॅम्पर करून घेतलात आणि आरसीवर नोंद नाही, तर परस्पर गाडीत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. ते आधी निस्तरा.

राहिली अशा पॉलिसींतली एक अट, जिच्यावर माझं आणि माझंच पटत नाही. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, शब्दही द्यायचा नाही. फोटो काढा, कंपनीला कळवा, पंचनामा होऊ द्या. हे मी सगळ्यांना सांगतो. पण ज्याच्या जनावरांची वैरण डोळ्यांदेखत जळतेय, त्याच्याच रानात उभं राहून ‘चुकलं बाबा’ म्हणायचं नाही? म्हणालात तर कंपनीला हरकतीची जागा मिळते. नाही म्हणालात तर तो माणूस तुम्हाला रानातून गाडी बाहेर काढू देईल का, ते तुम्हीच सांगा.