तुम्ही विचारलंत म्हणून : लिहून दिल्यावरही

"पोरगं तं तुम्ही लिहून देल्लं होतं ना सिस्टर, मंग आता कसं काय मांगता?" लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारीच्या घरात बहुतेक तसंच काही चाललेलं असतं, म्हणून नीट सांगते.

परस्पर संमतीनं आमचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता आणि मी नर्सिंगच्या होस्टेलवर. ताबा वडिलांकडे, महिन्यातून एका रविवारी कोर्टाच्या आवारात भेट, असं ठरलं. त्या वेळी त्याच्यासाठी तेच बरं होतं. आता तो चौथीत आहे, मला नोकरी आहे, क्वार्टर आहे. आवारातल्या बाकावर बसून त्याचा अभ्यास घेता येत नाही आणि ताप आला तर उशाशी बसता येत नाही.

ताब्याचा आदेश शेताच्या खरेदीखतासारखा कायमचा नसतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 घटस्फोटानंतरही मुलांविषयीचा आदेश बदलायची मुभा कोर्टाला देतं. रोझी जेकब खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1973 मध्येच सांगितलं, की संमतीनं झालेला आदेशही बदलू शकतो, आणि मधे गेलेला काळ हासुद्धा परिस्थितीतला बदलच. फारकत पंचांसमोर स्टॅम्प पेपरवर झाली असेल तर मात्र तो कोर्टाचा आदेशच नव्हे. मग 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल राहतं त्या भागाच्या कोर्टात ताब्यासाठी नवा अर्ज करावा लागतो.

खरी कसोटी अर्ज लिहिताना लागते. "आजी पोराकडे लक्ष देत नाही असं टाकू, केस मजबूत होईल," असं मला सुचवलं गेलं. मी नाही म्हटलं. कापूस वेचून थकून आलेली ती म्हातारी रात्री त्याला भाकर कुस्करून भरवत आली आहे. तिच्याविरुद्ध खोटं लिहिलं असतं तर ते एक दिवस त्यानंच वाचलं असतं. कोर्टाला आपल्या भांडणाचं काही पडलेलं नसतं, ते मुलाचं हित बघतं. म्हणून मी त्याच्याच गरजा लिहिल्या, सोबत नोकरीचा आदेश आणि क्वार्टरचे कागद जोडले. ताबा मागितलाच नाही. दिवाळीच्या अर्ध्या सुट्ट्या, उन्हाळ्यातला एक महिना आणि संध्याकाळी फोन, एवढंच मागितलं.

पेशीवर पेशी झाली. मग मध्यस्थीत त्याचे वडील तयार झाले, फक्त परीक्षेच्या दिवसांत मुक्काम नको म्हणाले, आणि ते रास्तच होतं. दोघांच्या सह्यांची पुरशीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, दिली, कोर्टानं त्यावर नवा आदेश केला. तोंडी कबुलीवर कोणी थांबू नका. आदेश होईपर्यंत जुनाच चालू असतो.

आणि बायांनो, भेटीला आलेलं लेकरू परत न पाठवता ठेवून घेऊ नका. माया कितीही दाटून आली तरी. तो कोर्टाच्या आदेशाचा भंग होतो, आणि पुढं अर्ज केला की समोरचा वकील आधी तेच दाखवतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीत जा. 1987 च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, कमाई कितीही असो. हेल्पलाइन 15100.