एकास चाळीस: पातालपाणीच्या घाटातली इंटर्नशिप

इंदूरजवळच्या पातालपाणीला लहानपणापासून इतक्यांदा गेले आहे की धबधब्याचं मला फारसं कौतुक उरलं नव्हतं. पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना गाडीत घालायचं, महूवरून तिकडे न्यायचं, रेलिंगला टेकून फोटो, लिंबू चोळलेला भुट्टा, परत. गेल्या पावसाळ्यात मात्र तिथे कामाला गेले. आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते. वर्गातल्या बाकीच्यांनी एसी ऑफिसं गाठली आणि मी पातालपाणी ते कालाकुंड या जुन्या मीटर गेज (दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या) लाइनची नोंदणी करणाऱ्या एका छोट्या गटात शिरले. पूल, बोगदे, स्टेशनं, खांब, जे दिसेल ते मोजायचं, फोटो काढायचे आणि तक्त्यात भरायचं. आई म्हणाली, "रुळांचं काय मोजायचं? लांबच असणार."

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ही लाइन म्हणजे होळकरांची लाइन. दुसऱ्या तुकोजीरावांनी ती बांधायला इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचं आणि वर व्याजही लावायचं, हे वाचून माझी छाती उगाचच फुगते. खंडव्याकडून काम वर सरकत आलं. १८७४ मध्ये खंडवा ते सनावद गाडी धावली, १८७६ मध्ये मोरटक्क्याला नर्मदेवरचा पूल झाला, १८७८ पर्यंत खंडवा ते इंदूर रूळ जोडले गेले. आमच्या आजीच्या पिढीला अकोला-पूर्णेकडे जायचं तर मीनाक्षी एक्स्प्रेस होती, ती याच घाटातून जायची.

घाटाचं गणित एका ओळीचं आहे. चढ एकास चाळीस. चाळीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. पायी चालताना हा चढ जाणवतसुद्धा नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असलं की तो भयंकर असतो. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, तुमचा बोरघाट एकास सदतीस आहे, म्हणजे हा त्याचा धाकटा भाऊ. मॅडमनी, म्हणजे आमच्या गटप्रमुखांनी, पहिल्याच सकाळी हा आकडा वहीत लिहायला लावला होता. तेव्हा मला ती नुसती माहिती वाटली. नंतर एकेक गोष्ट बघताना त्या आकड्याकडेच परत यावं लागलं.

रुळांवरून आपल्या मर्जीने फिरता येत नाही, परवानगी आणि सोबत दोन्ही लागतं. आमची सोबत कीमन भैयांची. कीमन म्हणजे रोज लाइनवर चालत रुळांच्या चाव्या तपासणारा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात गुंडाळलेली झेंडी, चालताना नजर कायम खाली. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. रुळांखालच्या आडव्या लोखंडी स्लीपरला रूळ धरून ठेवते ती चावी म्हणजे वीतभर लोखंडी पाचर. घट्ट असली तर ठोक्याला खणकन वाजते, सैल असली तर बद्द आवाज येतो. मला सुरुवातीला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. भैया वळूनही न बघता सांगायचे, "मागची एक राहिली."

लाइनच्या दोन्ही अंगांना जुन्या रुळांचे तुकडे खुंटासारखे पुरलेले होते. मी ते हद्दीचे दगड असावेत तसे सोडून पुढे चालले होते. भैयांनी थांबवलं. या खुंटांवर छिन्नीची खूण असते आणि त्यांच्या समोर रुळावरही तशीच. एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत दोरी ताणली की रूळ आपल्या जागेवरून किती सरकला ते कळतं. रूळ सरकतो? हो, सरकतो. चाकांचा रेटा, ब्रेकची ओढ, उन्हाने होणारं प्रसरण, या सगळ्याने तो जागा सोडतो, आणि उतार असला की रात्री पांघरूण पायथ्याशी घसरत जावं तसा खाली खाली जातो. "पटरी नीचे उतरती है, मैडम. बोलो मत उतर, नहीं मानती." मग त्याला अँकर, म्हणजे सरकू न देणारे लोखंडी चिमटे लावायचे, रुळांच्या सांध्यांतल्या फटी परत सारख्या करायच्या. दोरी धरायला मला बसवलं होतं, चिखलात, आणि खूण दोरीच्या खालच्या अंगाला गेलेली अगदी डोळ्यासमोर दिसत होती. इतकं जड लोखंड माझ्या नाकासमोर काही मिलिमीटर पळून गेलं होतं.

रुळाच्या पोटावर कारखान्याचं नाव, वजनाचा आकडा आणि घडवल्याचं वर्ष उठावात असतं. महिना अक्षरांत नसतो, तितक्या उभ्या रेघा असतात. गंजात काही वाचता येत नाही. खडू आडवा फिरवला की अक्षरं पांढरी उमटतात. हे काम मला इतकं आवडलं की मॅडमना "पुढे चला" म्हणावं लागायचं.

बोगदे चार. लांबून बघणाऱ्याला त्यात अंधारच दिसतो, आत शिरल्यावर मात्र बघायला पुष्कळ आहे. भिंतीत जागोजागी माणूस उभा राहील एवढे कोनाडे सोडलेत. गाडी आली तर गँगमनने अंग चोरून तिथे उभं राहायचं. दगडांच्या सांध्यांत पाणी बाहेर यायला भोकं ठेवलेली. एके ठिकाणी कुणीतरी कधीतरी चुन्याच्या सांध्यांवर सिमेंट थापलेलं होतं, आणि नेमकं तिथेच शेजारचा दगड फुगून पापुद्रे सोडत होता. चुन्यातून पाणी झिरपून निघून जातं, सिमेंटने वाट अडवली की ते दगडातून वाट काढतं. वर्गात हे ऐकलं होतं, इथे बोट लावून पाहिलं. कमानीला वाफेच्या इंजिनांची काजळी आहे. माझ्या सोबतच्या मुलाने तक्त्यात "काळे डाग, साफ करावेत" असं लिहिलं. मॅडमनी ते तिथल्या तिथे बदलायला लावलं. काजळी हा त्या बोगद्यातून धापा टाकत गेलेल्या इंजिनांचा एकमेव पुरावा, तो घासून काढून कमान गोरी करायची कुणासाठी?

महूचे एक निवृत्त गार्ड अधूनमधून यायचे. घरी मराठी, रेल्वेत हिंदी, आणि रागावले की दोन्ही. आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. कुठल्या खांबाला काय टांगलेलं असायचं, कुठली खोली कशाची, हे त्यांना विचारायचं. पातालपाणीजवळ टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिल्लाचं मंदिर आहे. टंट्या भिल्लाला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिलं आणि देह इथे रुळांजवळ आणून टाकला, असं लोक सांगतात. त्याला सलामी दिल्याशिवाय गाडी घाट उतरत नाही, हे इंदूरच्या पोरासोरालाही माहीत असतं. काकांना विचारलं, खरं काय?

"अगं, घाट उतरायच्या आधी थांबून ब्रेक तपासायलाच लागतात. नियम आहे तो." मीटर गेजच्या जुन्या डब्यांना व्हॅक्यूम ब्रेक. गाडीभर गेलेल्या नळीतली हवा काढून घेतली की ब्रेक सुटतात, हवा आत आली की लागतात. म्हणजे नळी तुटली किंवा डबे सुटले तर ब्रेक आपोआप लागणार. एकास चाळीसच्या तोंडाशी उभं राहून हे सगळं ठीक आहे ना, ते बघायचं. मी म्हटलं, म्हणजे सलामी वगैरे नुसती गोष्ट? काका जरा चिडलेच. "नियम आहे म्हणून कुणी हात जोडतं का? आमचे ड्रायव्हर जोडायचे. मी मागच्या डब्यात हातब्रेकशेजारी उभा राहून जोडायचो." मी तक्त्यात दोन्ही लिहिलं. दोन्ही खरंच आहे की.

कालाकुंडला खाली उतरलं की चोरल नदी, चहूबाजूंनी टेकड्या, एवढंसं स्टेशन. वर जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून दुसरं इंजिन जोडायचे, त्याला बँकर म्हणतात. पुढचं ओढणार, मागचं ढकलणार, आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं ते शिट्ट्यांनी. सगळी ताकद पुढेच लावली तर डब्यांमधल्या जोडण्यांवर ताण येतो, आणि जोडणी तुटलीच तर मागचे डबे उताराला लागणार. म्हणून एक इंजिन मागे. ते लावायला वेळ लागायचा, गाडी थांबायची, आणि थांबलेल्या गाडीतल्या भुकेल्या माणसांना पानाच्या द्रोणात कलाकंद विकला जायचा. कालाकुंडचा कलाकंद प्रसिद्ध का, याची बरीच उत्तरं मी ऐकली आहेत: पाणी चांगलं, म्हशी चांगल्या, हवा चांगली. माझ्या मते उत्तर बँकर आहे. मेल गाडी दोन मिनिटांत सुटली असती तर कुणी काय विकलं असतं?

आणि ही लाइन उरली तीही चढामुळेच. रतलामकडून इंदूर-महूपर्यंत ब्रॉडगेज झालं, पुढे खंडव्यापर्यंत करायचं ठरलं, तेव्हा एवढ्या चढावरून लांब मालगाड्या नेणं परवडणारं नव्हतं. म्हणून नव्या मार्गाने घाट सोडला आणि वळसा घालून, बोगद्यांतून, सौम्य चढाने जायचं ठरवलं. जुन्या मार्गावरच रुंद रूळ घालता आले असते तर आज आम्हाला मोजायला काही राहिलंच नसतं. २५ डिसेंबर २०१८ ला इथे हेरिटेज ट्रेन सुरू झाली. २०२३ च्या सुरुवातीला महूकडून खाली जाणारी नेहमीची मीटर गेज गाडी बंद झाली, आणि पातालपाणी-कालाकुंडचा तुकडा दोन्ही बाजूंनी सुटा झाला. आता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोठ्या काचांचे डबे भरून लोक येतात, धबधब्याशी गाडी थांबली की फोटोंसाठी झुंबड उडते. त्या गर्दीला मी नाकं मुरडणार नाही. ती येते म्हणून भैयांचा हातोडा चालू आहे.

तिकिटासाठी एक सूचना. एसी डब्याच्या काचांतून दरी सुरेख दिसते, पण बोगद्यातला ओल्या दगडाचा वास आणि वळणावर चाकांची किंकाळी हवी असेल तर साध्या डब्यात खिडकी धरा.

शेवटच्या आठवड्यात तक्ते पुरे करत होतो. कलाकंद कुठे घालायचा यावर बरीच चर्चा झाली, कारण तो ना वास्तू, ना यंत्र. मॅडमनी अखेर कालाकुंड स्टेशनच्या तक्त्यात "संलग्न परंपरा" असा रकाना वाढवला. बांधकाम साहित्य: दूध, साखर, पान. स्थिती: चांगली. काकांच्या आग्रहावरून मी पुढे "पूर्वीपेक्षा जास्त गोड" असंही लिहिलं होतं. मॅडमनी पुराव्याअभावी ते खोडलं.