आरव्ही, घाट आणि शेजारच्या सीटवर बाबा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला आरव्हीनं, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीनं जायचं हे आईच्या गुडघ्यांमुळे ठरलं. आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी शिकागोजवळ आमच्याकडे आले होते. विमानानं जाऊन तिथे गाडी भाड्यानं घ्यावी, तर रोज नवं हॉटेल, नवा जिना, नवी बाथरूम. शिवाय आईचा गुरुवार, बाबांचं पथ्याचं जेवण आणि बाराव्या वर्षातल्या लेकीची भूक, तीही कुठल्याही वेळी लागणारी. स्वयंपाकघर, पलंग आणि संडास सोबत घेऊन फिरणं हाच सरळ मार्ग होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणजे गाडी चालवणारी मी एकटीच. बाबांनी सबंध नोकरी एसटीत चालक म्हणून केली, पण इथे ते शेजारच्या सीटवर बसणार होते.

वर्षभर आधी एकच गोष्ट पक्की केली होती, ती म्हणजे पार्कमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमधली जागा. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हींचं हुकअप, म्हणजे गाडीला जोडणी असलेलं एवढं एकच कॅम्पग्राउंड आहे. ग्रिझली अस्वलांच्या वावरामुळे तिथे तंबूला परवानगी नाही, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. म्हातारी माणसं सोबत असतील तर आधी ही जागा मिळवावी आणि मग तारखा, रजा, भाड्याची गाडी सगळं तिच्याभोवती बसवावं असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमानं गेलेली ओळखीची माणसं रोज पार्कच्या बाहेरून तास-तासभर गाडी हाकत आत येत होती.

शिकागोहून यलोस्टोन सुमारे १,४०० मैल. मी दिवसाला तीनशे मैलांची मर्यादा ठरवली आणि ती पाळली. नकाशावरचं ॲप जो वेळ सांगतं तो आरव्हीला लागू नाही. पंचवीस फुटांची गाडी मोकळ्या माळरानावर आडव्या वाऱ्यात ताशी साठ मैलांनी चालवली तरी खांदे भरून येतात.

गाडी ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा तिथला पोरगा आम्हाला गादी, फ्रीज आणि टीव्ही दाखवत होता. बाबा मात्र खाली वाकून टायर बघत होते. टायरच्या अंगावर जो लांबलचक कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला ते. मला हे माहीत होतं, कारण लहानपणी आगारात त्यांच्याबरोबर जायचे तेव्हा त्यांनी टायर वाचायला शिकवलं होतं. मागच्या जोडीतला आतला एक टायर सात वर्षांचा निघाला. नक्षी झकास होती. आरव्ही वर्षातले कितीतरी महिने उभीच असते, त्यामुळे टायर झिजत नाही पण रबर वाळतं आणि भर उन्हात हायवेवर फुटतं. कंपनीचा माणूस म्हणाला, नक्षी आहे ना, मग चालेल. बाबा म्हणाले, "त्याला सांग, आम्ही थांबतो." दोन तास थांबलो. टायर बदलून मिळाला. मी त्या कंपनीवर अजून चिडलेली आहे, कारण आमच्याआधी त्याच टायरवर किती घरची लेकरंबाळं गेली असतील!

इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा हे मक्याच्या शेतांत आणि आईच्या दुपारच्या झोपेत गेले. साउथ डकोटात चेंबरलेनजवळ मिसुरी नदी ओलांडली आणि तिथून पश्चिम सुरू झाल्यासारखं वाटलं: झाडं संपली, आकाश वाढलं. बॅडलँड्समध्ये एक सुंदर संध्याकाळ मिळाली. डोंगरात कोरलेले अध्यक्षांचे चेहरे, म्हणजे माउंट रशमोर, पाहिलं. पेट्रोल भरताना बाबांनी मैल आणि गॅलनचा हिशेब किलोमीटर-लिटरमध्ये करून पाहिला आणि ते खरोखर दुखावले. गाडी गॅलनला नऊ मैल देत होती, म्हणजे लिटरला चारसुद्धा नाही. "पन्नास माणसं घेऊन आमची गाडी पाचच्या घरात द्यायची. ही चार माणसांत चार देत नाही?" यावर मला काही उत्तर नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या रस्त्याकडे येते.

वायोमिंगमध्ये बिगहॉर्न पर्वत आडवा पडतो. तो ओलांडायला तीन रस्ते आहेत: यूएस १४, १४ए आणि १६. देखाव्यासाठी सगळे १४एची शिफारस करतात, पण त्याच्या पश्चिम बाजूला १० टक्क्यांचा उतार आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की दहा फूट खाली. भाड्याच्या, भरलेल्या आरव्हीनं तिकडे जायचं नाही हे मी घरीच ठरवलं होतं. यूएस १६ लांब पडतो, पण तिघांत सौम्य तोच. बफेलो गावाहून वर चढलो. पावडर रिव्हर पास ९,६६६ फूट आहे, कळसूबाईच्या पावणेदोनपट उंच. माथ्यावर जूनमध्येही बर्फाचे पट्टे होते. आईला थोडी धाप लागली म्हणून पलीकडच्या मेडोलार्क तळ्याकाठी निवांत थांबलो, पाणी प्यायलो, दहीभात खाल्ला.

आणि मग टेन स्लीप कॅन्यनची उतरण.

निघण्याआधी बाबांनी विचारलं, "हिला गिअर कुठला?" ऑटोमॅटिक गाडीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. मी दांड्याच्या टोकावरचं टो-हॉलचं बटण दाखवलं. ते दाबलं की उतारावर ब्रेकला हलका स्पर्श केल्याबरोबर गाडी स्वतःहून खालच्या गिअरमध्ये जाते आणि इंजिनच वेग धरून ठेवतं. बाबा म्हणाले, "म्हणजे ज्या गिअरला चढलीस त्याच गिअरला उतरायचं. मग बरोबर आहे."

कॅन्यनच्या तोंडाशी मी बटण दाबलं. पहिल्या वळणाआधी इंजिन एकदम गुरगुरलं, त्याच्या फेऱ्यांचा काटा वर गेला आणि मागून आईनं विचारलं, काय झालं? बाबांनी मान न वळवता सांगितलं, "काही नाही. इंजिन ओरडलं तर ओरडू दे. ब्रेकचा वास यायला नको."

त्यानंतरचे ते मैल मी जन्मभर विसरणार नाही. डावीकडे दरी, उजवीकडे पिवळट-करडे चुनखडीचे कडे, रस्ता एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे वळत खाली जाणारा. बाबा सूचना देत नव्हते. त्यांना ती सवयच नव्हती. बाजूला बसून बोलणाऱ्या माणसाचा त्यांना नोकरीभर त्रास झाला होता. ते फक्त पुढचं वळण बघून एकेक शब्द उच्चारत होते: "डावं. लांबडं." "उजवं. आवळतंय." "मागं ट्रक आहे, जागा मिळाली की जाऊ दे त्याला." कुंभार्लीत आणि आंबेनळीत पावसाळ्याच्या रात्री, समोर धुकं आणि मागे पन्नास माणसं झोपलेली असताना हे शब्द त्यांनी मनातल्या मनात किती वेळा म्हटले असतील! मी त्यांच्या गाडीत लहानपणी अनेकदा बसले, पण ते चालवत असताना त्यांच्या डोक्यात काय चालतं हे मला पहिल्यांदा ऐकू आलं.

या रस्त्याच्या कडेला खडकांची नावं आणि वयं लिहिलेल्या पाट्या आहेत. लेक मागून मोठ्यानं वाचत होती: बिगहॉर्न डोलोमाइट, मॅडिसन लाइमस्टोन, इतके कोटी, तितके कोटी. आपला सह्याद्रीचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा. बिगहॉर्नच्या माथ्याचा खडक अडीचशे कोटींहून जुना. एरवी मी थांबून प्रत्येक पाटीचा फोटो काढला असता. त्या दिवशी मला फक्त वळणं दिसत होती, आणि तेच मला हवं होतं.

मागे साचलेल्या गाड्यांना वाट द्यायला मी दोनदा कडेच्या मोकळ्या जागेत थांबले. दुसऱ्या वेळी बाबा उतरले आणि चारही बाजूंनी फिरून चाकांजवळ हात नेऊन आले. "गार आहेत," म्हणाले. खाली टेन स्लीप गावात पोचल्यावर त्यांनी वहीत नोंद केली: घाट, वेळ, ब्रेक ठीक. ती वही प्रवासभर त्यांनी लॉगशीटसारखी लिहिली. माझ्या नावापुढे त्यांनी 'चालक' लिहिलं होतं. ते मला रात्री दिसलं आणि मी बराच वेळ ते पान बघत बसले.

माझ्या ओळखीतले बरेच लोक आई-वडिलांना अमेरिका दाखवतात ती मागच्या सीटवर बसवून. वडिलांना रस्ता विचारत नाहीत, आईला काय हवंय ते हॉटेलात पोचल्यावर विचारतात. मला याचा राग येतो. आयुष्यभर ज्यांनी घाट उतरवले त्यांना फक्त 'बघा किती छान आहे' म्हणून काचेतून दाखवायचं?

कोडीच्या पुढे बफेलो बिल धरण लागतं. १९१० साली पूर्ण झालं तेव्हा ३२५ फुटांचं हे धरण जगात सर्वांत उंच होतं. बाबांचं आजोळ पाटणकडचं, त्यामुळे धरण म्हटलं की कोयना. कोयना याहून थोडी उंच, पण अर्ध्या शतकानंतरची. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, १९६७च्या डिसेंबरात भल्या पहाटे भूकंपानं घर हललं तेव्हा आजीनं त्यांना गोधडीसकट उचलून अंगणात नेलं होतं. हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

सिल्व्हन पास ओलांडून पूर्वेच्या दारानं पार्कमध्ये शिरलो. समोर यलोस्टोन तळं, ७,७०० फुटांवरचं, एवढं मोठं की पलीकडचा काठ पुसट. फिशिंग ब्रिजला आईनं स्वयंपाकघराचा ताबा घेतला. इतक्या उंचीवर पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ उघड्या भांड्यात शिजतच नाही; घरचा प्रेशर कुकर नेला होता म्हणून निभावलं. फोडणीआधी छतावरचा पंखा लावायचा, नाहीतर धुराचा गजर सुरू होतो. खरकटं, तेलाची बाटली, काहीही क्षणभरसुद्धा बाहेर ठेवायचं नाही, अस्वलं येतात. आईला हा नियम फार आवडला. "स्वच्छता पाळतात," म्हणाली.

ओल्ड फेथफुलला मात्र माझा हिरमोड झाला. दीड तासानं एकदा उडणाऱ्या उकळत्या पाण्याच्या कारंज्याभोवती बाकांवर शेकडो लोक, सगळ्यांचे फोन वर, आणि पाणी खाली बसायच्या आत अर्धी गर्दी पार्किंगकडे धावलेली. आई मात्र बसून राहिली. मी तिला सांगितलं की खोल भेगेत वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचं पाणी उकळबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही. थोडं पाणी वर सांडलं की दाब उतरतो आणि सगळ्याची एकदम वाफ होते. "कुकरचं झाकण घाईनं उघडल्यासारखं," ती म्हणाली. याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम पाण्याच्या झऱ्याच्या वाहनतळात आरव्हीला जागाच नव्हती. सकाळी आठच्या आत पोचलात तर ठीक, नाहीतर नाद सोडा.

हेडन व्हॅलीचा तास ओल्ड फेथफुलपेक्षा शंभर पटींनी चांगला गेला. बायसनचा, म्हणजे तिथल्या दांडग्या रानटी गुरांचा कळप रस्त्यावर आला म्हणून मी कडेच्या थांब्यावर गाडी उभी करून इंजिन बंद केलं. आई मागे पोहे करत होती आणि तिच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून, एक भला थोरला नर गेला. नराचं वजन नऊशे किलोपर्यंत जातं. पुढे काही लोक गाडीतून उतरून पिल्लांबरोबर फोटो काढत होते. तेवीस मीटर लांब राहा, असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतानाही! आईनं गॅस बंद केला आणि चिडून म्हणाली, "त्यांच्या आया बघत नाहीत का?" ती कोणाच्या आयांबद्दल बोलत होती ते मी विचारलं नाही.

बाबांचा दिवस यलोस्टोन तळ्याकाठच्या 'लेक हॉटेल'समोर आला. तिथे १९३०च्या दशकातली लांबट पिवळी बस उभी होती, व्हाइट मोटर कंपनीची, कापडी छत गुंडाळता येणारी. अशा काही बस अलीकडे दुरुस्त करून पार्कमध्ये परत आणल्या आहेत. बाबा सरळ खाली वाकले आणि मला हाक मारली. वरचं शरीर जुनं, पण खालची चेसिस फोर्डची, आमच्या आरव्हीच्याच जातीची.

बसचा चालक जवळ आला. पांढऱ्या मिशा, गळ्यात टाय. बाबांनी त्याला माझ्यामार्फत सांगितलं की आमच्याकडेही असंच करतात, चेसिस कंपनीची येते आणि बॉडी पुण्याजवळ दापोडीच्या कार्यशाळेत चढवतात. चालकानं दापोडी हा शब्द दोनदा म्हणून बघितला. मग त्यानं बाबांना स्वतःच्या सीटवर बसवलं. बाबांनी आरसा स्वतःच्या उंचीला लावायला हात नेला आणि परवानगीसाठी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, खुशाल लावा.

दोघं बराच वेळ बोलले: बर्फात साखळ्या कशा लावतात, प्रवासी छत उघडायला कधी सांगतात, हंगाम संपला की तो काय करतो. शेवटी बाबांनी विचारायला लावलं, निवृत्त झाल्यावर बायकोसकट फुकट प्रवासाचा पास मिळतो का? नाही, तसं काही नसतं, तो म्हणाला.

"आम्हाला मिळतो," बाबा म्हणाले, आणि पाकिटातून एसटीचा पास काढून त्याच्या हातात दिला.