तुम्ही विचारलंत म्हणून: अप्सरा नाच खरंच हजार वर्षं जुना आहे का?

कंबोडियातली अंगकोरची जुनी देवळं बघून आलेलं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच, आणि त्याला शेपूट म्हणून "आपलं भरतनाट्यमच ना ते?" हेही.

शेपटाचं आधी उरकतो: नाही. गोष्टी ओळखीच्या आहेत, रामायण तिकडे रीमकेर म्हणून नाचतात, त्यात हनुमान चक्क रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या, प्रेमात पडतो (मारुतीच्या देवळात सांगू नका हे). पण अंग वेगळं, घुंगरांचा दणका नाही, सगळं संथ, बोटं उलटी मनगटाकडे वळलेली, आणि ती तशी वळावीत म्हणून मुली लहानपणापासून रोज बोटं मागे दाबत बसतात.

आता हजार वर्षं. देवळात नर्तकी होत्या हे पक्कं, अंगकोरच्याच ता प्रोम देवळातल्या 1186 च्या शिलालेखात 615 जणींची नोंद आहे. पण हॉटेलात बुफेसोबत दाखवतात तो अप्सरा नाच विसाव्या शतकाच्या मध्यात राणी कोसमाकने भिंतींवरच्या अप्सरा डोळ्यांसमोर ठेवून बसवला, मुख्य अप्सरा तिची नात बोफा देवी. म्हणजे माझ्या आईच्या वयाचा नाच! मला यात फसवाफसवी वाटत नाही, कारण मुद्रा राजवाड्यातल्या जुन्याच आहेत, 1906 ला राजा सिसोवाथ नर्तकी घेऊन फ्रान्सला गेला तेव्हा शिल्पकार रोदँ ज्यांची चित्रं काढत त्यांच्या मागे मागे फिरला, त्याच परंपरेतल्या.

खरा तुटण्याचा प्रसंग 1975 ते 79 चा. ख्मेर रूज, म्हणजे पोल पॉटच्या कम्युनिस्टांच्या राज्यात दहातले नऊ कलाकार गेले असं सांगतात, आणि हा नाच पुस्तकात नव्हता, माणसांच्या अंगात होता. वाचलेल्यांनी एकमेकांना आठवून आठवून तो परत जोडला, त्यात मोठं नाव चिया सामी, लहानपणापासून राजवाड्यात वाढलेली नर्तकी. ही बाई पोल पॉटची वहिनी, तो शाळकरी असताना तिच्या घरी राहिलेला! त्याच्या राजवटीनं जे संपवलं ते तिनं म्हातारपणी नव्या मुलींना शिकवलं.

जाणार असाल तर बुफेवर भागवू नका, राजधानी नॉम पेनला मोनी मेखला या समुद्रदेवीचा नाच मिळतो का बघा, ती मणी फिरवते तेव्हा वीज चमकते, राक्षस कुऱ्हाड फेकतो तेव्हा गडगडतं, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तो राक्षसही बाईच करते.