रिकाम्या बाटलीतला गुलाब

आजारी पडल्याची तारीख मला पाठ आहे. वार पाठ आहे. वेळसुद्धा सांगते: दुपारचे तीन वाजत आले होते, खुर्चीतून उठले आणि पाठीतून एक शिरशिरी मानेपर्यंत चढत गेली. बरी कधी झाले, ते मात्र विचारू नका. त्याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

२०२० साल संपत आलं होतं. तोवर करोनाच्या कृपेने आम्ही सगळेच घरबसल्या विषाणूतज्ज्ञ झालो होतो. दुसऱ्या कुणाला शिंक आली तर लगेच निदान करायचो. स्वतःचा घसा खवखवायला लागला तेव्हा मात्र मी आतल्या आत वकिली सुरू केली. काल जास्त बोलणं झालं. परवा गार पाणी प्यायले. पंखा मोठा होता. दुसऱ्या दिवशी ताप आला, तेव्हा थर्मामीटरच जुना झाल्याचं मी घरात जाहीर केलं. तोच थर्मामीटर नवऱ्याने स्वतःच्या काखेत धरला, तर शहाण्यासारखा आकडा दाखवू लागला. वकीलपत्र मागे घ्यावं लागलं.

मग ती कांडी. नाकातून ती जिथवर जाते, तिथे आपल्याला काही जागा आहे हेच मला तोवर ठाऊक नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरची मुलगी पीपीईच्या आतून "झालं, झालं" म्हणत राहिली. पुढची गंमत प्रयोगशाळेत होते. पीसीआर ही कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती. जनुकाचा हवा तो तुकडा प्रत्येक फेरीत दुप्पट करायचा, दिसेपर्यंत करत राहायचा. ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून जास्त होतात. विषाणू सापडायला किती फेऱ्या लागल्या, तो सीटीचा आकडा. जितका कमी, तितका विषाणू जास्त. माझा १९ आला. कमी मार्क पडले म्हणून खोलीत कोंडून घेण्याचा प्रकार माझ्या बाबतीत शाळेतसुद्धा झाला नव्हता.

खोलीबाहेर एक स्टूल ठेवलं गेलं. लेक त्यावर ताट ठेवायची, दारावर दोन टकटक आणि मग पळणारी पावलं. पावलं थांबली की मी दार उघडायचे. तापापेक्षा ती पावलं मला लागली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. दाराआडून ऐकू मात्र सगळं यायचं. नवरा फोनवर माझी तब्येत सांगताना आवाज असा काही खाली आणायचा की माझ्याच पोटात गोळा यावा. आणि घर चाललं होतं. व्यवस्थित चाललं होतं. धुणं वेळेवर, भांडी वेळेवर, रात्री दोघांच्या हसण्याचे आवाज. माझ्यावाचून सगळं अडून बसावं असं मला वाटत नव्हतं. निदान एखादी वस्तू तरी सापडू नये, एवढी अपेक्षा होती.

या दिवसांतला माझा खरा सोबती म्हणजे रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर. बोटावर चिमट्यासारखा बसणारा, आत लाल डोळा असलेला. एका बाजूने तो लाल आणि अवरक्त असा दोन तऱ्हांचा उजेड बोटातून पाठवतो आणि पलीकडे किती पोचला ते पाहतो. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड बराचसा जाऊ देतं, न घेतलेलं तो अडवतं. दोहोंच्या गुणोत्तरावरून आकडा. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरांतलं परतीचं रक्तही आहे. यातून धमनीतलं रक्त वेगळं कसं ओळखायचं? ताकुओ आओयागी नावाचे जपानी अभियंते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भलतंच काही मोजत होते, आणि नाडीचे ठोके मध्ये येऊन त्यांचा आलेख बिघडवत होते. त्यांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर कमीजास्त होतं ते फक्त धमनीतलं रक्त. जो त्रास होता तोच उपाय निघाला. हे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये वारले. जग त्यांच्या यंत्रासाठी रांगा लावत होतं तेव्हा. अशी काही माहिती कळली की मला उगीचच अपराधी वाटतं, जणू मी आभार मानायला एक दिवस उशिरा पोचले.

सातव्या रात्री, अडीचच्या सुमारास जाग आली. घाम आला होता. उठले, हात-तोंड धुतलं, परत येऊन सवयीने चिमटा लावला. ८७. पुन्हा लावला. ८६. दम तर लागलेला नव्हता. पण या आजारात दम न लागताही प्राणवायू खाली उतरतो, हे मी चारशे वेळा वाचलं होतं. त्या पाच मिनिटांत मी बऱ्याच गोष्टी ठरवून टाकल्या. कपाटातली कुठली फाईल कुठे आहे ते लिहून ठेवायचं, लेकीला पासवर्ड सांगायचे, आईला कुणी कळवायचं. मग दारावर थापा मारल्या. नवरा धडपडत आला आणि दाराबाहेरूनच, झोपेतल्या आवाजात म्हणाला, "हात गार आहेत का तुझे?"

होते. नुकतेच गार पाण्याने धुतलेले. बोट गारठलं की रक्तपुरवठा आखडतो आणि यंत्राला ठोका नीट सापडत नाही. हात पांघरुणात घालून चोळले. ९४, ९६, ९७. "झोप आता," तो म्हणाला, पण पावलं वाजली नाहीत. बराच वेळ तो दाराच्या पलीकडे बसून होता. मी अलीकडे. आम्ही काही बोललो नाही.

वेगळं किती दिवस राहायचं, याचा त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब होता: लक्षणं सुरू झाल्यापासून १० दिवस आणि वर निदान ३ दिवस लक्षणांविना. आम्ही भीतीपोटी त्यातही भर घातली. क्वारंटाइन हा शब्द चाळीस दिवसांवरून आलाय. १३७७ मध्ये रगुसा बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकमध्ये, प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवत, पुढे त्याचे चाळीस झाले. त्या मानाने मी सुखात सुटले. दार उघडलं. लेकीने मिठी मारली. सगळ्यांच्या लेखी गोष्ट इथे संपली.

शरीराला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

अंघोळ केली की बसावं लागे. जिना चढून आले की दोन वाक्यं बोलायला दम पुरत नसे. आणि शब्द! शब्द नेमके हवे तेव्हा गायब व्हायचे. एकदा लेकीला म्हणाले, "ते दे गं, ते... कापायचं." कात्री हा शब्द समोर दिसत होता आणि जिभेवर येत नव्हता. नशीब की मराठीत 'ते हे' नावाचा एक शब्द जगातल्या यच्चयावत वस्तूंना लागू पडतो. त्याच्या जिवावर मी दोन महिने काढले. घरच्यांना वाटलं, नेहमीसारखंच बोलतेय. या रेंगाळणाऱ्या दुखण्याला 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहिताना ते वापरलं. त्या पुरातत्त्वज्ञ. जमिनीखाली काय उरलंय ते पाहायची सवय असलेल्या बाईला हे नाव सुचावं, हे मला फार पटतं.

आणि वास. तो गेला कधी, ते कळलंच नाही. पाचव्या दिवशी साबण नाकाला लावला, तर हातात नुसता एक गुळगुळीत दगड. मला वाटलं होतं की विषाणू वास घेणाऱ्या पेशीच खाऊन टाकत असेल. तसं नसतं. त्या मज्जापेशींच्या वाटेला तो सहसा जात नाही. त्यांच्या शेजारी उभ्या राहून त्यांची उठबस करणाऱ्या आधारपेशींना गाठतो. पडद्यामागची माणसं आजारी पडली की मंचावरच्यांचं काय होतं, तेच.

त्यावर उपाय म्हणून चार बाटल्या आल्या. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये हेच चार वास घेऊन नाकाचा व्यायाम मांडला होता: सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. प्रत्येक बाटली थोडा वेळ हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. मी आज्ञाधारकपणे हुंगत होते. पहिले तीन आठवडे चारही बाटल्यांत एकच वास होता, काहीच नसण्याचा. चौथ्या आठवड्यात मात्र एका सकाळी गुलाब आला. पुसट, लांबून, पण आला. मी ओरडलेच. "आला! गुलाब आला!"

लेक समोर उभी होती. तिचा चेहरा काही आनंदाचा दिसेना. मग हळूच म्हणाली, "आई, ती रिकामी आहे. गुलाबाची माझ्या हातात आहे."

कारटीने माझी परीक्षा घेतली होती. आधी मला राग आला, मग आम्ही दोघी हसत सुटलो, आणि हसता हसता मला खोकल्याची उबळ आली, तर ती घाबरून पाणी आणायला पळाली. त्या दिवसापासून माझा माझ्या नाकावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

पुढे वास आले, पण वेड्यावाकड्या चेहऱ्यांनी. कॉफीला जळक्या रबराचा वास यायला लागला. हेही एकटीचं नव्हतं. कॉफीत गंधक असलेला एक रेणू असतो, अगदी नखाएवढाही नाही, पण तोच पुष्कळांना असा छळतो, असं इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांना २०२२ मध्ये आढळलं. मला आपलं इतकंच कळत होतं की घरात कॉफी होऊ लागली की मी गॅलरीत. आई फोनवर विचारायची, "बरी झालीस ना गं पूर्ण?" मी "हो" म्हणायचे. गॅलरीतून.

ऑक्सिमीटर आता खणात असतो. परवा उघडला, तर बॅटरीला पांढरी बुरशी धरावी तसं काहीतरी फुटून आलं होतं. टाकवलं नाही. परत ठेवला.

त्याच संध्याकाळी लेकीच्या खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. काहीतरी होतं हवेत. आंबट, दमट, जाड. श्वास आत ओढला. पुन्हा ओढला. पलंगाखाली वाकून पाहिलं तर मोज्यांची एक जोडी, किती दिवसांची कोण जाणे. ती उचलून नाकाशी धरली तेवढ्यात लेक मागे येऊन उभी.

"आई! तू माझे मोजे हुंगतेयस?"

"खरं सांग," मी म्हणाले, "याला वास येतोय ना?"

तिने एक पाऊल मागे घेतलं. नाक दाबलं. आणि दाबलेल्या नाकातूनच म्हणाली, "येतोय. शपथ येतोय."