एकच मॉड्यूल, दोन टेनंट, दोन दुखणी

ऑर्चर्ड कोअर या फ्रेमवर्कवर एकाच प्रोसेसमधून अनेक स्वतंत्र साइट चालवता येतात. अशा प्रत्येक साइटला टेनंट म्हणतात, आणि तिला जोडायच्या सुट्या भागाला मॉड्यूल. गुरुवारी दुपारी टेस्ट सर्व्हरवर एकाच मॉड्यूलची दोन निराळी दुखणी समोर आली. पहिल्या टेनंटवर तक्रार नोंदवायचा फॉर्म उघडायचा, पण 'जतन करा' दाबलं की डेटाबेसची तक्रार यायची, असा कॉलमच नाही. दुसऱ्या टेनंटवर त्याच पानाला सरळ ४०४, म्हणजे पानच सापडत नाही. डीएलएल (मॉड्यूलच्या कोडची तयार फाइल) एकच, प्रोसेस एकच, पत्त्यात फरक फक्त प्रीफिक्सचा.

मॉड्यूल आमच्या टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलीनं लिहिलं होतं. ऑर्चर्ड कोअरमधलं तिचं हे पहिलंच काम. तिच्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालत होतं. टीम लीडनी कॉलवर सगळ्यांदेखत "टाकण्याआधी एकदा तपासायचं तरी" असं सुनावलं आणि ती गप्प झाली. तिनं तपासलं होतं. मी शेजारी बसून पाहिलं होतं, तरी त्या क्षणी बोललो नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअरवर उभ्या असलेल्या या मुक्त स्रोत फ्रेमवर्कची सुरुवात खरंच सोपी आहे. टेम्प्लेटवरून प्रकल्प बनवा, चालवा, ब्राउझरमध्ये सेटअपचं पान येतं. साइटचं नाव, रेसिपी (आपोआप करायच्या पायऱ्यांची यादी) आणि डेटाबेस निवडला की साइट उभी. मॉड्यूल म्हणजे वेगळा प्रकल्प, त्यात एक मॅनिफेस्ट (मॉड्यूलची ओळख सांगणारी फाइल) आणि एक स्टार्टअप क्लास (मॉड्यूल सुरू होताना चालणारा कोड). मुख्य प्रकल्पातून त्याला रेफरन्स दिला की मॉड्यूल अ‍ॅडमिनमधल्या फीचर्सच्या यादीत दिसू लागतं. फक्त दिसू लागतं. ते चालू करावं लागतं, आणि प्रत्येक टेनंटमध्ये वेगळं. कुठलं फीचर चालू आहे ही नोंद कोडमध्ये नसते, त्या त्या टेनंटच्या डेटाबेसमध्ये असते. फीचर बंद असेल तर त्या टेनंटसाठी मॉड्यूलचा स्टार्टअप चालतच नाही, मग राउट, म्हणजे पत्त्यावरून पानापर्यंतची वाट, तरी कुठून येणार?

हे मला माहीत होतं. तरीही पहिला दीड तास मी राउटिंगमध्येच घालवला, कारण पहिल्या टेनंटवर पान उघडत होतं. अखेर दुसऱ्या टेनंटची यादी उघडली. फीचर बंद. चालू केलं, पान आलं, नोंदही जतन झाली.

मग पहिल्या टेनंटवर नोंद जतन का होत नव्हती?

तिथं फीचर आठवड्यापूर्वीच चालू केलेलं होतं. फीचर पहिल्यांदा चालू होतं तेव्हा मायग्रेशन क्लासमधली (डेटाबेसची रचना टप्प्याटप्प्यानं बदलणाऱ्या कोडमधली) 'क्रिएट' मेथड चालते आणि ती जो आकडा परत करते तो त्या टेनंटच्या डेटाबेसमध्ये लिहिला जातो. आकडा १ लिहिला गेला की 'क्रिएट'चं काम संपलं. पुढचा बदल 'अपडेट फ्रॉम १' मध्ये लिहायचा. तिनं नंतर इंडेक्स टेबलला (नोंदी शोधण्यासाठीच्या वेगळ्या टेबलला) 'विभाग' हा कॉलम वाढवला, तो 'क्रिएट'मध्येच. दुसऱ्या टेनंटवर 'क्रिएट' त्या दिवशी प्रथमच चालली, म्हणून कॉलम आला. पहिल्यावर ती पुन्हा चालणारच नव्हती.

तिच्या मशीनवर हे कधीच का दिसलं नाही? कारण काही अडलं की ती 'अ‍ॅप डेटा' फोल्डर उडवून नव्यानं सेटअप करायची. एसक्यूलाइट या डेटाबेसची फाइलही त्यातच, त्यामुळे प्रत्येक वेळी कोरा डेटाबेस. ही सवय तिला मी लावली. पहिल्या दिवशी मीच म्हणालो होतो, "अडलीस तर अ‍ॅप डेटा उडव, पुन्हा सेटअप कर." हा सल्ला आम्ही सगळेच नवख्यांना देतो. शिकण्याच्या पहिल्या दोन दिवसांत तो बरोबर आहे, तिसऱ्या दिवशी तो मागे घ्यावा लागतो आणि तेवढं कुणी करत नाही. टीम लीडना मी संध्याकाळी हे सांगितलं. "ठीक आहे" म्हणाले. तिला ते काही बोलले नाहीत, आणि ते मला अजून खटकतंय.

दुरुस्ती लहान होती. 'क्रिएट' नव्या कॉलमसकट थेट २ परत करते. ज्या टेनंटचा आकडा १ आहे तो 'अपडेट फ्रॉम १' मधून जातो आणि तिथं कॉलम वाढतो. फीचर हातानं चालू करण्याऐवजी त्यासाठी एक रेसिपी लिहिली, म्हणजे नवा टेनंट उभा करताना कुणाच्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून राहणार नाही.

निघायच्या तयारीत होतो तेव्हा तिनं विचारलं, "सर, पहिल्या टेनंटवरच्या जुन्या नोंदींचं काय? विभागानं शोधलं तर त्या येत नाहीत."

मला हे सुचलंच नव्हतं. मूळ नोंद जेसन दस्तऐवज म्हणून साठवली जाते, इंडेक्स टेबलमधली ओळ ती जतन होताना तयार होते. कॉलम आला, पण जुन्या नोंदी पुन्हा जतन झाल्याशिवाय तो रिकामाच राहणार. तिनं 'अपडेट फ्रॉम २' लिहायला घेतलं, त्यात जुन्या नोंदी वाचून पुन्हा जतन करायचं काम. चालवण्याआधी पहिल्या टेनंटच्या डेटाबेसची प्रत काढून आपल्या मशीनवर आणली. या वेळी फोल्डर उडवलं नाही.