जसे आणि तसे

ठाण्याच्या मासुंदा तलावाजवळ, पोर्तुगीज काळात उभारलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये, रविवारच्या मिस्सेला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, मी पंख्याखालची ठरलेली जागा धरतो. आणि ज्यांच्या न्हाणीघराचे पाणी गेले तीन पावसाळे माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाझरते आहे, ते आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ नेमके माझ्या मागच्या बाकावर बसतात.

मिस्सेचा क्रम मोठा अवघड आहे. आधी प्रभूची प्रार्थना होते आणि लगेच शांतीची खूण म्हणून शेजारच्या माणसाला हात जोडून नमस्कार करायचा असतो. म्हणजे क्षमेचा धडा म्हणून होतो न होतो, तोच त्याची परीक्षा. गेली तीन वर्षे मी डावी-उजवीकडे तत्परतेने हात जोडतो. मागे वळताना मात्र माझी मान आखडते.

त्या प्रार्थनेतला एक शब्द मला अलीकडे छळतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तसे तू आमची ऋणे आम्हांस सोड' असे आहे. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता, हे कळल्यावर माझ्या कपाटातली फाइल आठवली. तिच्यात प्लंबरची बिले, रंगाऱ्याची पावती, सोसायटीला लिहिलेल्या अर्जांच्या प्रती, सारे तारीखवार लावलेले आहे. सावकाराचीच वही ती! आणि 'जसे-तसे' ही अट मी रोज सकाळी, चहा उकळेपर्यंत, बिनदिक्कत म्हणून टाकत होतो.

सात वेळा क्षमा केली की पुरे का, असे शिष्य पेत्राने विचारले तेव्हा येशूने साताच्या सत्तर पट सांगितले. हा आकडा 490 होतो, असा हिशेब करणाऱ्याला मुद्दा कळलेला नसतो. मी तो केला होता, हे कबूल केले पाहिजे. त्यापुढे येशूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, ज्या चाकराला दहा हजार तालांतांचे कर्ज माफ होते, तोच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालांत सहा हजार दिनारांचा. म्हणजे वर्षाला 300 दिवस राबले तरी ते कर्ज फिटायला दोन लाख वर्षे लागावीत. सोबत्याचे देणेही काही फुटकळ नव्हते, शंभर दिवसांची मजुरी होती. दाखल्यातले हे मला फार प्रामाणिक वाटते. आपल्याला लागलेली झळ खोटी होती, असे तिथे कोणी म्हणवून घेत नाही.

म्हणून गळतीची दुरुस्ती मी सोडलेली नाही. वरची लादी उखडून वॉटरप्रूफिंग झालेच पाहिजे आणि सोसायटीच्या सभेत तो विषय मी पुन्हा मांडणार आहे. फक्त जिन्यात ते दिसले की घराचे दार मुद्दाम आपटायचे, हे माझ्या बाजूचे व्याज मी बंद केले आहे. ते सोपे गेले नाही. दार आपटण्यात एक सुख होते.

गेल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर मी पूर्ण मागे वळलो. ते जमिनीकडे पाहत होते, बहुधा माझ्या आखडलेल्या मानेची त्यांनाही सवय झाली असावी. पुढे वेदीपाशी भाकर मोडली जात होती, तरी मी हात जोडून तसाच थांबलो, त्यांनी वर पाहीपर्यंत.